लायनर झिजत नाही, तरी लोड का घसरतो?

प्रश्न : मकरपुरा जीआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन कारखान्यात मी मेंटेनन्स बघतो. आमच्या १० टनी ईओटी क्रेनचं (शेडमध्ये वरच्या रुळांवर फिरणारी विजेची क्रेन) मोटर नुसती चालू-बंद करणारं जुनं काँटॅक्टर पॅनल काढून होइस्टला, म्हणजे लोड उचलणाऱ्या भागाला, मोटरचा वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी ड्राइव्ह बसवला. तेव्हाच ब्रेकला नवीन लायनरही, म्हणजे ड्रम पकडणाऱ्या शूवरचं घर्षणाचं अस्तरही, घातलं. रोजच्या कामात लोड सांगू तिथे थांबतो. पण उतरवताना लाइट गेली किंवा कोणी इमर्जन्सी दाबली, की चार बोटं, कधी वीतभर खाली येऊन मग थांबतो. ब्रेक उघडला तर लायनर जाड, नव्यासारखं चकचकीत. मालक म्हणतात, "लायनर झिजलंच नाही, तर ब्रेकला काय धाड भरलीय? गिअरबॉक्स बघ." काका, कुठे बघू?
– एक वाचक, मांजलपूर, बडोदे

उत्तर : गिअरबॉक्सला हात लावू नकोस. दोष ब्रेकमध्येच आहे, आणि तो तू स्वतःच लिहून पाठवला आहेस : लायनर चकचकीत आहे. आधी एक काम कर. ब्रेक नीट होईपर्यंत त्या क्रेनवर पूर्ण लोड घेऊ नकोस. का, ते सांगतो.

होइस्टचा ब्रेक निवडताना त्याचा टॉर्क लोडच्या टॉर्कच्या साधारण दीडपट धरतात, आणि तो धरताना लायनरचा घर्षणांक ०.३५-०.४ च्या आसपास मानलेला असतो. आता पकड एक-तृतीयांश कमी झाली असं समज. दीडपटीची एकपट झाली, म्हणजे ब्रेक आणि लोड बरोबरीत. घसरणारा लोड थांबवायला हातात काहीच उरलं नाही. पकड निम्मी झाली तर लोड थांबणारच नाही, उलट वेग घेईल. गिअरबॉक्समधलं घर्षण थोडी मदत करतं, पण त्याच्या भरवशावर माणसं खाली उभी करायची नसतात. तुझा लोड वीतभर येऊन थांबतो, म्हणजे तू त्या बरोबरीच्या रेषेजवळ पोचला आहेस.

आता हे झालं कसं? जुन्या पॅनलवर प्रत्येक थांब्याला ब्रेक फिरती मोटर पकडत होता. १० टन लोड मिनिटाला ६ मीटरने उतरत असेल, तर त्याची गतिज ऊर्जा भरते जेमतेम ५० ज्यूल. हिशेब करून बघ, विश्वास बसणार नाही. खरी ऊर्जा असते मिनिटाला हजार-दीड हजार फेरे घेणाऱ्या मोटरच्या रोटरमध्ये आणि ब्रेकच्या ड्रममध्ये. ती जिरवताना लायनर घासायचं, त्याचा बारीक भुगा दाबाने आणि उष्णतेने ड्रमवर पातळ थर होऊन बसायचा. चांगल्या ब्रेकची पकड बरीचशी या थराची असते. थर झिजतो, नवा बसतो, आणि त्या देवघेवीत लायनर पातळ होतं.

ड्राइव्ह आल्यावर मोटर आपणहून शून्यावर येते. ब्रेक फक्त थांबलेल्या ड्रमला धरून उभा राहतो. घासणं बंद, म्हणून थरही बंद. तुमचं नवीन लायनर ड्रमवर पुरतं बसलंच नाही; नुसते उंचवटे टेकत असणार. त्यात शू एका बाजूला पूर्ण उघडत नसेल, तर ड्रम त्याला हलकेच चाटत राहतो. अशा हलक्या घासण्याने लायनरमधलं रेझिन (त्याला बांधून ठेवणारा डिंकासारखा पदार्थ) पृष्ठभागावर पसरून काचेसारखं कडक होतं. लायनर ग्लेझ झालं म्हणतात ते हेच. वर पावसाळ्यातला ड्रमवरचा गंज आणि शेडमधलं तेलकट धुकं. उभा लोड धरायला एवढी पकड पुरते, म्हणून रोज काही कळत नाही. लाइट गेली की ब्रेकला एकट्याने फिरती मोटर थांबवावी लागते, आणि तिथे सोंग उघडं पडतं.

कलाभवनात, म्हणजे बडोद्याच्या तंत्रशिक्षणाच्या कॉलेजात, आम्ही घर्षणाचा नियम पाठ केला होता : घर्षण दाबाच्या प्रमाणात, वेगाशी संबंध नाही. कूलाँबने १७८५ मध्ये मांडलेला तो नियम ब्रेक लायनर फार थोडा वेळ पाळतं. जास्त तापलं, ३०० अंशांच्या वर गेलं, की रेझिन जळू लागतं आणि पकड सुटते. ड्रम निळसर पडला असेल किंवा त्यावर केसासारख्या चिरा असतील, तर तुझा रोग तो आहे. पण पत्रावरून वाटत नाही.

लायनरआधी दोन गोष्टी तपास. पहिली, ब्रेक उघडणाऱ्या थ्रस्टरचा स्ट्रोक, म्हणजे त्याच्या दांड्याची वर-खाली चाल. ब्रेक लागलेला असताना थ्रस्टर तळाला टेकता कामा नये, खाली थोडी जागा शिल्लक हवी. टेकला तर स्प्रिंगचा जोर शूपर्यंत पोचतच नाही, मग लायनर कितीही जाड असो. दुसरी, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा ऑइल सील. तो गळत असेल तर तेल सरळ ड्रमवर येतं. तेल प्यायलेलं लायनर पेट्रोलने धुऊन 'चालशे' म्हणणारे आपल्या बडोद्यात पुष्कळ आहेत. ते बदलायचंच. मुरलेलं तेल तापलं की परत वर येतं.

सील कोरडा असेल, तर लायनरची चकाकी पॉलिश पेपरने उतरव, ड्रम पुसून घे, दोन्ही बाजूंची गॅप सारखी कर. मग ड्राइव्हवाल्याला बोलावून रिकाम्या हुकवर, ब्रेकच्या मॅन्युअलमध्ये दिलं असेल तेवढेच, ब्रेकने थांबवायचे थांबे घे. मध्ये ड्रम थंड होऊ दे. लायनर बहुतेक ठिकाणी टेकल्याच्या खुणा दिसल्या की काम झालं. यापुढे ठरावीक काळाने असे थोडे थांबे मुद्दाम घ्यायचे, नाहीतर सहा-आठ महिन्यांत पुन्हा तीच चकाकी.

वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून क्रेनची तपासणी होते (२०२५ पर्यंत ती कारखाना कायदा, १९४८ च्या कलम २९ प्रमाणे होत असे), तो कागद तुमच्या फाइलीत असेल. पण बहुतेक वेळा लोड उचलून उभा धरतात आणि सही होते. पुढच्या वेळी लोड हळू उतरत असताना, जमिनीपासून हातभरावर, खाली कोणी नसताना इमर्जन्सी दाबायला सांग आणि किती घसरला ते रजिस्टरमध्ये लिही. मालकांना तो आकडा दाखव, लायनरची जाडी नको.

प्रश्न : माझा मुलगा ब्रेक शूला लायनर मारायच्या वर्कशॉपमध्ये आहे. कपडे काळपट भुकटीने भरून येतात. त्यात ॲस्बेस्टॉस असतं म्हणतात, ते खरं का?
– एक आई, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : ताई, असू शकतं. युरोपीय संघाने २००५ पासून त्यावर पूर्ण बंदी घातली, आपल्याकडे पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर तशी सरसकट बंदी नाही. जुन्या शूवर आणि बिननावाच्या स्वस्त मालात ते असतं की नाही, हे डोळ्यांनी कळत नाही. त्याचे आजार वीस-तीस वर्षांनी डोकं वर काढतात. म्हणून तर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये, अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर, ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांना सांगितलं की कामगाराची आरोग्य नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सोडल्यावर १५ वर्षं, यातलं जे उशिरा येईल तोवर ठेवा.

मुलाला सांगा, शू हवेच्या नळीने फुंकायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा. नाकावर बांधलेल्या रुमालाने ॲस्बेस्टॉसचे बारीक तंतू अडत नाहीत, योग्य मास्क मालकाकडे मागायचा. कपडे तिथेच बदलायचे. घरी आलेच तर गॅलरीत झटकू नका, वेगळ्या बादलीत भिजवून मग धुवा. पाकिटावर 'नॉन-ॲस्बेस्टॉस' छापलेलं असलं तरी हेच करायचं, कारण त्या भुकटीतही काचेचे तंतू आणि धातूची पूड असते.