वाचकांचे प्रश्न : छायाचित्रात न आलेले कामगार

प्रश्न : आम्ही अमेरिकेत राहतो. पाचवीत शिकणाऱ्या माझ्या मुलीला सध्या देशाच्या पश्चिमेकडील विस्ताराचा धडा आहे. त्यात दोन रेल्वे इंजिने समोरासमोर उभी असलेले १८६९ चे छायाचित्र आहे. ही रेल्वे चिनी कामगारांनी बांधली, असे बाईंनी वर्गात सांगितले. “मग फोटोत ते कुठे आहेत?” असे ती विचारते. तिला काय उत्तर द्यावे?
— एक पालक, न्यू जर्सी

उत्तर : मुलीने छायाचित्र इतके निरखून पाहिले, याचे आधी कौतुक करावेसे वाटते. हे छायाचित्र १० मे १८६९ रोजी यूटामधील प्रोमोन्टरी समिट येथे अँड्र्यू रसेल यांनी टिपले. ओमाहाहून पश्चिमेकडे निघालेली युनियन पॅसिफिक आणि सॅक्रामेंटोहून पूर्वेकडे निघालेली सेंट्रल पॅसिफिक या दोन कंपन्यांचे रूळ त्या दिवशी तेथे जोडले गेले. अध्यक्ष लिंकन यांनी १८६२ मध्ये मंजूर केलेल्या कायद्यानुसार कंपन्यांना बांधलेल्या प्रत्येक मैलामागे सरकारी कर्जरोखे आणि मार्गालगतची जमीन मिळत असे. त्यामुळे आपले रूळ अधिकाधिक लांब नेण्याची दोघींमध्ये चढाओढ लागली होती.

युनियन पॅसिफिककडे बरेचसे आयरिश मजूर आणि यादवी युद्धातून परतलेले सैनिक होते, तर सेंट्रल पॅसिफिकच्या मजुरांपैकी बहुतांश, म्हणजे दहामधले आठ-नऊ जण, चिनी होते. त्यांच्या वाट्याला आला सिएरा नेवाडाचा पहाड. तेथील सुमारे सात हजार फूट उंचीवरचा समिट बोगदा १,६५९ फूट लांबीचा आहे आणि तो अखंड ग्रॅनाइटमध्ये खोदलेला आहे. एकाने पहार धरायची, दुसऱ्यांनी तिच्यावर घण घालायचे, भोक पुरेसे खोल झाले की त्यात दारू ठासून सुरुंग उडवायचा, आणि धूर विरला की दगड उपसायचे. एवढे करून एका तोंडाकडून दिवसाला जेमतेम फूट-सव्वा फूट बोगदा पुढे सरकत असे. काम लवकर व्हावे म्हणून दोन्ही टोकांबरोबरच डोंगरमाथ्यावरून मध्यभागी विहीर खणून तेथूनही दोन्ही दिशांना खोदाई केली गेली. १८६६-६७ च्या हिवाळ्यात बर्फ इतका साचला की मजुरांना राहत्या जागेपासून कामावर जायला बर्फाखालून वाटा खणाव्या लागल्या.

मुलीला आवडेल अशी एक गोष्ट जरूर सांगावी. हे कामगार ओढ्याचे कच्चे पाणी न पिता उकळलेल्या पाण्याचा चहा पीत, आणि तो सुरुंगाच्या दारूच्या रिकाम्या पिंपांत भरून कावडीने कामाच्या जागी पोचवला जाई. कच्चे पाणी पिणाऱ्या मजुरांना हगवण लागे; यांच्यात ते आजार कमी होते.

मात्र त्यांना साधारण तेवढ्याच पगारात जेवणखाण स्वतः भागवावे लागे, जे गोऱ्या मजुरांना कंपनी देत असे. जून १८६७ मध्ये हजारो चिनी कामगारांनी पगारवाढ आणि कामाचे कमी तास मागत शांतपणे संप केला. कंपनीने डोंगरात जाणारा शिधाच तोडला आणि आठवडाभरात संप मोडला. पुढे १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा झाला, तो १९४३ पर्यंत टिकला. अमेरिकेच्या कामगार खात्याने या कामगारांना आपल्या सन्मानयादीत स्थान दिले ते २०१४ मध्ये. आपल्या मुलीला स्पष्टच सांगावे : शेवटच्या दिवशीही तेथे चिनी कामगार रूळ टाकत होते, परंतु सोहळ्याच्या छायाचित्रात ते जवळजवळ दिसतच नाहीत; यामागचे कारण मात्र खात्रीने सांगता येत नाही.

प्रश्न : पश्चिमेकडे वस्ती वाढली ती शेतकऱ्यांची. मग त्याच काळात पूर्वेकडील कारखाने कसे भरभराटले? हे मुलांना शिकवताना मला नीट जोडता येत नाही.
— एक शिक्षिका, सातारा

उत्तर : धागा रेल्वेचाच धरावा. लोखंडी रूळ लवकर झिजत, म्हणून पोलादी रुळांची मागणी वाढली, आणि पिट्सबर्गजवळ ब्रॅडॉक येथे १८७५ मध्ये सुरू झालेला अँड्र्यू कार्नेगी यांचा पोलाद कारखाना मुख्यतः रूळच बनवत असे. त्याच रुळांवरून पश्चिमेचा गहू आणि गुरे शिकागोकडे येत, आणि परतीला नांगर, काटेरी तार, कापड जाई. गावोगावच्या वेगवेगळ्या घड्याळांनी गाड्यांचा मेळ बसेना, तेव्हा रेल्वे कंपन्यांनीच १८ नोव्हेंबर १८८३ रोजी प्रमाणवेळेचे पट्टे लागू केले.

याच्याच जोडीला बायसनची म्हणजे रानगव्यासारख्या अमेरिकी जनावराची हकीकत सांगावी. १८७१ च्या सुमारास त्याचे जाड कातडे कमावण्याची रीत साधली आणि त्यापासून पूर्वेकडील कारखान्यांतील यंत्रे फिरवणारे पट्टे होऊ लागले. शिकारी रेल्वेने मैदानात उतरत, कातडी सोलून घेत आणि मांस तसेच कुजत टाकत. लाकोटा, शायान अशा मूलनिवासी लोकांचे अन्न, पांघरूण, तंबू सारे याच जनावरावर अवलंबून होते. वस्तीला येणाऱ्या शेतकऱ्यांना कायद्याने प्रत्येकी १६० एकर म्हणून वाटलेली जमीन त्यांच्यासारख्यांचीच होती. ब्लॅक हिल्सचा डोंगराळ मुलूख लाकोटांचा राहील असा करार सरकारने १८६८ मध्ये केला, १८७४ मध्ये तेथे सोने सापडले आणि १८७७ मध्ये तो मुलूख काढून घेतला. एकेकाळी कोट्यवधींच्या संख्येने चरणारे बायसन शतक सरता सरता हजारभरही उरले नव्हते.