साडेतीन वर्षांचा मुलगा मनासारखं झालं नाही की चावतो, वस्तू फेकतो. कारण कसं ओळखायचं?

शिक्षा काय करावी हा प्रश्न आठवडाभर बाजूला ठेवा आणि नुसती नोंद करा. वहीत तीन रकाने आखा: आधी काय घडलं, त्याने काय केलं, लगेच नंतर घरच्यांनी काय केलं. शेजारी वेळ आणि ते किती मिनिटं चाललं ते. 'हट्टीपणा केला' असं लिहून काही कळत नाही. 'मोबाइल काढून घेतला, आईला चावला, आजीने मोबाइल परत दिला' असं लिहिलं की निम्मं उत्तर तिथेच सापडतं.

माझ्या मते तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच लिहायला घरचे कचरतात. चावण्यातून मुलाला काय मिळतं? हवी ती वस्तू, मोठ्यांचं लक्ष, की नकोशा कामातून सुटका? उपाय त्यावर ठरतो. जेवण टाळायला ताट फेकणाऱ्या मुलाला 'जा, कोपऱ्यात बस' म्हटलं, तर त्याला हवं तेच झालं.

रडून वस्तू मिळणं बंद केलं की पहिले काही दिवस आरडाओरडा वाढतो. इथेच घर फुटतं. नऊ वेळा नाही म्हणून दहाव्यांदा दिलं, तर जास्त वेळ रडायचं एवढंच मूल शिकतं. म्हणून आजी-आजोबांसह सगळ्यांनी आधीच ठरवा. शेवटी द्यायचंच असेल, तर पहिल्या मागणीलाच द्या.

चावण्याऐवजी काय करायचं, हेही शिकवावं लागतं: 'दे', 'नको', 'आता माझी पाळी'. हे तो शांत असताना खेळातून शिकवा; भोकांड पसरलेलं असताना समजावणं वाया जातं. तेव्हा फक्त कुणाला लागणार नाही एवढं बघा. नीट मागितलं की त्याच क्षणी म्हणा, 'ओढलं नाहीस, मागितलंस, छान.' मोबाइल बंद करायच्या पाच मिनिटं आधी सांगा आणि बटण त्यालाच दाबू द्या. धपाट्याने चावणं तेवढ्यापुरतं थांबतं, पण मारलं की काम होतं हा धडाही मिळतो.

नोंदीतल्या वेळा एकाच सुमाराला येत असतील, तर भूक आणि झोप तपासा. या वयात दुपारच्या झोपेसह 10 ते 13 तास झोप लागते. बद्धकोष्ठता आणि हिमोग्लोबिनही पाहा. 11 ग्रॅमच्या खाली असेल तर तो ॲनिमिया, आणि लोह कमी असलेली मुलं चिडचिडी होऊ शकतात. सर्दीनंतर कधीकधी कानात पाणी साचून ऐकू कमी येतं. मग 'ऐकतच नाही' हे शब्दशः खरं असतं.

एडीएचडीचा (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणाचा विकार) शिक्का मारायची घाई नको, चार वर्षांखाली ते निदान सहसा करत नाहीत. मात्र आकांडतांडव रोज अनेकदा आणि 15 मिनिटांहून जास्त चालत असेल, तो स्वतःला इजा करत असेल, हाकेला वळून पाहत नसेल, तीन शब्दांचं वाक्य बोलत नसेल किंवा येत असलेले शब्द गेले असतील, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बऱ्याच जिल्ह्यांत सरकारी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे; तिथे तपासणी मोफत होते.