वाचकांचे प्रश्न : हेडसेटमधले चित्र हातामागे का राहते?

प्रश्न : उद्यमनगरातील आमच्या लहानशा प्रशिक्षण केंद्रात, फौंड्रीत नव्याने लागणाऱ्या मुलांना व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेटवर साच्यात धातू ओतण्याचा सराव दिला जातो. चित्र शेजारच्या खोलीतील संगणकावर तयार होते आणि वायफायने हेडसेटवर येते. मान वळवली तर भोवतालची जागा स्थिर दिसते. पण हातातला लॅडल (धातू ओतायचा मोठा पळा) हातामागून येतो, मधूनच चित्र अडखळते आणि काही मुलांना मळमळते. आमची इंटरनेटची लाइन १०० एमबीपीएसची आहे. ती ३०० ची घेतल्यास फरक पडेल का?

उत्तर : पडणार नाही, त्यामुळे त्यासाठी जादा पैसे भरू नयेत. आपल्या केंद्रातील चित्र इंटरनेटवर जातच नाही. ते संगणकापासून राउटरपर्यंत आणि तेथून हेडसेटपर्यंत एवढाच प्रवास करते. त्रास त्या प्रवासातील विलंबाचा आहे.

डोके हलल्यापासून त्यानुसार बदललेले चित्र डोळ्यांना दिसेपर्यंतचा वेळ साधारण २० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे या क्षेत्रात मानले जाते. तो वाढला की कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय एक सांगते आणि डोळे दुसरेच सांगतात, आणि त्यातून मळमळ सुरू होते. ९० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ९० चित्रे दाखवणाऱ्या, हेडसेटवर एका चित्राच्या वाट्याला जेमतेम ११ मिलिसेकंद येतात. तेवढ्यात चित्र रेखाटणे, ते आकुंचित करणे, हवेतून पाठवणे आणि हेडसेटमध्ये पुन्हा उलगडणे हे सारे बसत नाही, म्हणून हेडसेट एक युक्ती करतो : आलेले चित्र दाखवण्यापूर्वी डोक्याच्या ताज्या स्थितीप्रमाणे ते किंचित सरकवतो. मान वळवण्यासाठी ही दुरुस्ती उत्तम चालते आणि म्हणूनच आपल्या मुलांना जागा स्थिर दिसते. मात्र हाताची हालचाल चित्र रेखाटतानाच त्यात गेलेली असते. ती नंतर सरकवून दुरुस्त होत नाही. लॅडल मागे राहणे हे खऱ्या विलंबाचे दर्शन आहे, आणि आपण ते नेमके टिपले आहे.

अडखळण्याचे कारण बहुधा हवेत आहे. वायफायचे प्रत्येक उपकरण बोलण्यापूर्वी ऐकते. वाहिनी (चॅनेल, म्हणजे ज्या रेडिओ लहरींवर ते बोलते तो मार्ग) व्यस्त असेल तर थांबते, आणि पाठवलेल्या माहितीची पोच मिळाली नाही तर पूर्वीपेक्षा जास्त वेळ थांबण्याची तयारी ठेवून पुन्हा पाठवते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच आहेत, त्यामुळे दाट वस्तीत तो पट्टा या कामाला निरुपयोगी समजावा. ५ गिगाहर्ट्झवर जागा अधिक आहे, पण तो भिंतींत लवकर क्षीण होतो आणि पत्र्याच्या पार्टिशनपुढे तर फारच. म्हणून राउटर सरावाच्या खोलीतच, उंचावर आणि हेडसेटला थेट दिसेल असा बसवावा, आणि संगणक त्याला केबलने जोडावा. संगणकही वायफायवर असेल तर तेच चित्र त्याच हवेतून दोनदा जाते. माझ्या मते सर्वाधिक नुकसान येथेच होते. मुलांचे मोबाइल आणि कार्यालयाचा प्रिंटर दुसऱ्या राउटरवर, वेगळ्या वाहिनीवर न्यावेत, कारण मंद गतीने बोलणारे एक जुने उपकरणही हवा बराच वेळ अडवून धरते.

यानंतर चित्राचा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला पाठवल्या जाणाऱ्या माहितीचे प्रमाण, पाहावा. तो २०० एमबीपीएस असेल तर ९० हर्ट्झवर प्रत्येक चित्र सुमारे २.२ मेगाबिटचे होते, आणि हवेत प्रत्यक्ष ६०० एमबीपीएस मिळत असतील तर त्याला साधारण ३.७ मिलिसेकंद लागतात. बिटरेट निम्मा केला की हा वेळही निम्मा होतो. चित्र थोडे मऊ दिसेल, पण ओतकामाच्या सरावात हाताचा अंदाज चित्राच्या टोकदारपणापेक्षा मोलाचा आहे. बदल तपासताना सरासरी विलंबावर समाधान मानू नये; सर्व हेडसेट चालू असताना जास्तीत जास्त विलंब किती होतो ते पाहावे, कारण मुलांना अडखळ जाणवते ती त्या वाईट क्षणांचीच.

प्रश्न : पन्हाळ्याची आभासी सफर मुंबईतील सर्व्हरवर रेखाटून ५जीवरून हेडसेटवर दाखवता येईल का? ५जीचा विलंब एकच मिलिसेकंद असतो असे वाचले.

उत्तर : तो आकडा विशिष्ट परिस्थितीतील केवळ रेडिओच्या टप्प्यासाठी ठेवलेले उद्दिष्ट आहे, सर्व्हरपर्यंत जाऊन येण्याचा तो वेळ नव्हे. अंतराची भीती मात्र नको. काचतंतूतून (ऑप्टिकल फायबरमधून) प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो, म्हणजे रस्त्याने पावणेचारशे किलोमीटरवरील मुंबईला जाऊन येण्यास, केबलचे वळसे सोडल्यास, ४ मिलिसेकंदही पुरतात. वेळ जातो तो टॉवरपाशी. हेडसेटला डोक्याची स्थिती वर पाठवण्यासाठी एरवी आधी परवानगी मागावी लागते, मग आपल्या पाळीची वाट पाहावी लागते. आणि त्याच टॉवरवर इतरांचे व्हिडिओ उतरत असतील तर आपले चित्र त्यांच्यामागे रांगेत राहते. म्हणून काम वाटून घ्यावे, असा माझा सल्ला आहे. तीन दरवाजाचे जवळून दिसणारे कोरीवकाम आणि पाहणाऱ्याचे हात हेडसेटनेच रेखाटावेत. सज्जा कोठीतून दिसणारी दूरची दरी सर्व्हरवरून यावी, कारण दूरचे दृश्य डोके थोडे पुढेमागे झाल्याने फारसे बदलत नाही आणि उशीर झाला तरी हेडसेट ते सरकवून सावरू शकतो.

प्रश्न : वायफाय ७ चा राउटर घेतल्यास हे प्रश्न सुटतील का?

उत्तर : एकाच वेळी दोन पट्ट्यांवर जोडणी ठेवण्याची त्याची सोय विलंबाच्या दृष्टीने खरोखर उपयोगी आहे, परंतु हेडसेटही ती सोय असलेला हवा. आपला हेडसेट वायफाय ६ चा असेल तर खर्च आधी केबलवर आणि स्वतंत्र राउटरवर करावा.