भगरीच्या पिठाची पुडी

"मॅडम, आता काहीच खाऊ वाटत नाही. मी वेडी तर होत नाही ना?" भगरीतून विषबाधा झाली, साठा जप्त केला, माल परत मागवला अशा बातम्या आल्या की समुपदेशनात हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. परभणीजवळच्या एका गावातल्या ताईंच्या तर घरातच ते घडलं होतं. (ओळखीचे तपशील बदलले आहेत.)

नवरात्रात त्यांनी दुकानातून भगरीचं सुटं पीठ आणलं. भाकरी खाल्ल्यावर सासूबाईंना चक्कर, उलट्या, हातपाय थरथरायला लागले. सलाईन लागलं, दोन दिवसांत त्या बऱ्याही झाल्या. ताई मात्र तिथंच अडकल्या. कणकेचा वास घे, तांदूळ फेकून दे, लेकरांच्या डब्यात नुसती बिस्किटं.

दुसऱ्या भेटीत त्यांनी पिशवीतून गाठ मारलेली पुडी काढली. तेच पीठ, पावशेरभर, माळ्यावर जपून ठेवलेलं. "फेकवत नाही. माझ्याच हातानं खाऊ घातलं ना."

तेव्हा कुठं मला गाठ सापडली. "तुमची चूक नाही" एवढ्यानं असलं ओझं उतरत नाही, कारण समजावं लागतं. दमट हवेत भगरीवर अस्परजिलस जातीची बुरशी धरते, त्यातून फ्युमिगाक्लेव्हिनसारखी विषद्रव्यं तयार होतात. पीठ ओलावा लवकर ओढतं, म्हणून सुट्या पिठाचा धोका जास्त. वास घेऊन ते कळेलच असं नाही. हे ऐकून त्या बराच वेळ पुडीकडं बघत राहिल्या.

मग आपल्या हातात काय आहे ते आम्ही दोघी बोललो. अन्न व औषध प्रशासनही सणासुदीला हेच सांगतं: भगर पाकीटबंद घ्यावी, तारीख बघावी, बिल घ्यावं, निवडून धुऊन घरीच दळावी.

तक्रारीचं नाव काढताच त्या गप्प झाल्या. दुकानात उधारीचं खातं, रोजची गाठभेट. ही अडचण खरी आहे, मी ती कधीच उडवून लावत नाही. पण दुकानदारानंही ते पीठ कुठून तरी आणलेलंच होतं. बाकीचा माल कुणाच्या घरी गेला हे तक्रारीशिवाय कसं शोधणार? आठवड्यानं त्यांनी माझ्यासमोर बसून प्रशासनाच्या १८००२२२३६५ या क्रमांकावर फोन लावला. आवाज कापत होता, पण सगळं सांगितलं.

महाशिवरात्रीला त्यांनी भगर निवडली, धुतली, वाळवली, घरीच दळली. भाकरी तव्यावरून उतरली, पण ताटात वाढायला हात धजेना. सासूबाईंनीच हात पुढं केला.

"दे इकडं माय, निवायली ती."