स्पेन पळून जात नाही, ताई. आधी गावी राहून या

बेळगाव जिल्ह्यातल्या नंदगडच्या बाजूच्या, आता टोरांटोत राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलंय. त्यांनी चार गोष्टी विचारल्या आहेत. मला त्यातली एकच जिव्हाळ्याची वाटते, म्हणून तिच्यावरच सविस्तर लिहिणार आहे.

त्या लिहितात, "वय सत्तेचाळीस. नोकरी बरी आहे, घराचं कर्ज फिटत आलंय, मुलगी पुढच्या वर्षी युनिव्हर्सिटीत जाईल. तरी सकाळी गाडीत बसले की मनात येतं, हे सगळं कुणासाठी चाललंय? मैत्रीण स्पेनची पदयात्रा करून आली, अगदी वेगळीच होऊन आली. मीही जावं म्हणते. मिस्टर म्हणतात, चालायचंच तर इथं पार्क काय कमी आहेत?"

मिस्टरांचं यात ऐकू नका. तुमचं दुखणं खरं आहे. परदेशात आल्यावर पहिली वीस वर्षं कागदपत्रं, घर आणि मुलांच्या शाळा यात निघून जातात. मग एक दिवस धावपळ थांबते आणि मन रिकामं वाटू लागतं. हे आपल्यातल्या कितीतरी जणींचं होतं, फक्त बोलत कुणी नाही. तुम्ही बोललात, बरं केलंत.

स्पेनच्या यात्रेलाही मी नावं ठेवणार नाही. फ्रान्सच्या हद्दीतून निघून सांतियागो दे कोम्पोस्तेलापर्यंत सुमारे 780 किलोमीटर चालायचं, आणि शेवटचे 100 किलोमीटर चाललं तरी यात्रेचं प्रमाणपत्र मिळतं. शेकडो वर्षं लोक ती वाट चालत आलेत. पण तुमच्याच पत्रात खाली एक वाक्य आहे: "गावी जाऊन तरी काय करणार? गेल्या वेळी बेळगावात हॉटेल घेतलं होतं, जाऊबाईंकडे न्हाणीघर बाहेर आहे म्हणून. चार दिवस घरोघरी चहा पीत फिरले, पित्त झालं."

इथं मात्र मी रागावणार. स्पेनमध्ये वीस अनोळखी माणसांबरोबर एका खोलीत झोपायला, पाठीवर ओझं घ्यायला, सामायिक न्हाणीघर वापरायला तुमची तयारी आहे. मग जाऊबाईंच्या न्हाणीघरानं काय घोडं मारलंय? तुम्ही पाहुणी म्हणून गेलात, त्यांनी पाहुणीसारखं वागवलं. बशीत कुंदा, कपात चहा, "कधी परत?" हा प्रश्न, आणि तुम्ही पुढच्या घरी. अशानं जीव कुठेच रमणार नाही.

गावी जायचं तर तीन आठवडे जा, एकाच घरी राहा आणि हातात काहीतरी काम घ्या. माझं सगळं सांगणं एवढंच आहे. मी हे पूर्वीही लिहिलंय, पुन्हा लिहीन.

माझा धाकटा मुलगा इंग्लंडात वाढला. एकोणीसाव्या वर्षी कशातच त्याचं लक्ष लागेना. आम्ही त्याला कडोलीच्या बाजूला थोरल्या काकांकडे पाठवलं. पहिले काही दिवस रोज फोन, "इथं करायला काही नाही." पण ते हिवाळ्याचे दिवस होते, आणि आपल्या भागात हिवाळा म्हणजे गावोगावची मराठी साहित्य संमेलनं. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, कुद्रेमनी, सांबरा. गावकरी वर्गणी काढतात, मांडव घालतात, बाहेरून साहित्यिक बोलावतात. काकांनी त्याला मांडवात नेऊन उभं केलं आणि म्हणाले, "ह्या खुर्च्या लाव बा." खुर्च्या लावून झाल्या तर सतरंज्या, सतरंज्या झाल्या तर पाण्याचे पिंप. सकाळी ग्रंथदिंडी निघाली. दारादारात रांगोळ्या, डोईवर कलश घेतलेल्या बायका, लेझीम, पालखीत पुस्तकं. दुपारी ह्याच्या हातात आमटीची बादली दिली. तो पंगतीत वाकून वाढत होता आणि प्रत्येक पानावर एकच प्रश्न येत होता, "कुणाचा रे तू?" आजोबांचं नाव सांगितलं की समोरचा म्हातारा काहीतरी सांगायचाच. कुणी आजोबांबरोबर कुस्ती खेळलेला, कुणाला आजोबांनी पेरणीला बी उसनं दिलेलं. एवढ्या लोकांच्या आठवणीत आपली जागा आधीपासून आहे, हे त्याला तिथं कळलं. आम्ही घरी कितीही सांगितलं असतं तरी ते कळलं नसतं. अजून दर रविवारी तो काकांना फोन करतो, आम्ही न सांगता.

ताई, तुमच्यासाठी काम शोधायला लांब जायला नको. 17 जानेवारी 1956 ला बेळगावात सीमाप्रश्नाच्या आंदोलनावर झालेल्या गोळीबाराच्या वेळी जे दहा वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या घरात आहेत. अशा माणसांपाशी बसा, विचारा, फोनवर रेकॉर्ड करून घ्या, आणि शेजारच्या कन्नड घरातल्या आजीचंही ऐका. त्याच गावात, त्याच वर्षात ती काय पाहत होती ते तिच्याच तोंडून येऊ द्या. नाहीतर गावातल्या मराठी शाळेत जा. खानापूर तालुक्यात पट कमी झालेल्या मराठी शाळा आहेत. हेडमास्तरांना आणि शाळा सुधारणा समितीला आधी भेटा, काय हवंय ते त्यांनाच विचारा. टोरांटोहून ठरवून नेलेलं काही त्यांच्या गळ्यात मारू नका.

आणि चालायचीच हौस असेल तर मलप्रभेच्या काठाकाठानं जा. तुमच्याच तालुक्यात कणकुंबीला ती उगम पावते. खानापुरावरून पुढे सौंदत्तीजवळ धरणात अडते, रेणुकामातेच्या डोंगरापासून फार लांब नाही. मग पट्टदकल, ऐहोळे, आणि शेवटी कूडलसंगमला, बसवेश्वरांच्या ऐक्यस्थळी, कृष्णेला मिळते. सगळी मिळून तीनशे किलोमीटरच्या आसपास. निघाल तेव्हा लोक तुमच्याशी मराठीत बोलतील, पोचाल तेव्हा कन्नडमध्ये. सगळी पायी झाली नाही तर बस आहेच. वाकडी वाट करून हलशीचं भूवराह नरसिंहाचं देऊळ बघा, कदंबांच्या काळातलं आहे. नंदगडला इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांना 1831 साली फाशी दिली, त्यांची समाधी तिथंच आहे. तुमच्या घराजवळच आहे ती, मुलीला कधी दाखवलीत का?

मुलीवरून आठवलं. "ती मराठीत उत्तर देत नाही" ही तुमची दुसरी तक्रार. तिला बरोबर न्या. जाऊबाईंच्या मुलींबरोबर शिवारात मसूर-वाटाणा तोडायला जाऊ दे. बाकी उपाय मला माहीत नाही.

भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागतोय म्हणता. सुटीच्या घाईत सही करू नका. उतारा कन्नडमध्ये असतो, तो स्वतःच्या वकिलाकडून वाचून घ्या. ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या कार्डधारक, असलात तरी वडिलोपार्जित शेतजमीन वारसानं तुमच्याकडे येऊ शकते. नवीन शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही. भावाशी भांडू नका, पण कागद बघा.

सासूबाईंच्या व्हिसाचं वकिलाला विचारा, तो माझा विषय नव्हे.

डिसेंबरात जा. भाताची कापणी झालेली असते, लोकांना बसायला सवड असते. गोव्यात उतरलात तर चोर्ला घाटानं जांबोटीवरून खानापूर गाठता येतं, बेळगावात मुक्काम करायचं कारणच उरत नाही. तिकीट काढण्याआधी जाऊबाईंना फोन करा आणि स्पष्ट विचारा, "तीन आठवडे राहायला आले तर चालेल काय?" टोरांटोत सकाळचे सात म्हणजे हिवाळ्यात तिकडे संध्याकाळचे साडेपाच. त्या वेळी त्या घरीच असतील.