१० टक्के हायड्रोफ्लोरिक ॲसिडसाठी पातळ नायट्राइल हातमोजे पुरतील का?

तुम्ही विचारलंय की काच कोरायला १० टक्के हायड्रोफ्लोरिक वापरायचंय, ते दुर्बळ आम्ल आहे, मग पातळ नायट्राइल हातमोजे आणि चष्मा एवढं पुरेल ना? नाही पुरणार. हातमोज्यांकडे येतोच, पण ‘दुर्बळ आहे, पाणी मारलं की झालं’ हे ऐकलं की मला गप्प बसवत नाही. या एका वाक्यावरून माझं बऱ्याच अनुभवी मंडळींशी वाजलंय.

हे ॲसिड दुर्बळ आहे म्हणूनच घातक आहे. पाण्यात त्याचे बरेचसे रेणू अखंड राहतात. विद्युतभार नसलेला तो छोटा रेणू कातडी आणि चरबीतून सरळ आत उतरतो आणि तिथे फ्लोराइड सुटं होतं. ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पकडून बसतं, पेशी मरतात, रक्तातलं कॅल्शियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. हायड्रोक्लोरिक अंगावर पडलं तर लगेच झोंबतं, माणूस नळाकडे धावतो. इथे ५० टक्क्यांच्या वर असेल तरच लगेच कळतं. २० ते ५० टक्क्यांमध्ये १ ते ८ तास जाऊ शकतात आणि तुमच्या १० टक्क्यांच्या द्रावणात दुखायला २४ तासही लागू शकतात. दुपारी बोटाला लागलेला थेंब रात्री नखाखाली ठणकायला लागतो, वरून मात्र कातडी जवळजवळ धड दिसते. डॉक्टरांना ‘ॲसिड लागलं’ एवढंच सांगू नका. ‘हायड्रोफ्लोरिक’ म्हणा, टक्केवारी सांगा, डब्यावरचं लेबल सोबत न्या.

‘पाणी पुरे’ म्हणणाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या पर्थचं प्रकरण वाचावं. १९९०च्या दशकात तिथल्या प्रयोगशाळेत खडकाचे नमुने विरघळवणारा तंत्रज्ञ एकटाच काम करत होता. ७० टक्के हायड्रोफ्लोरिक मांड्यांवर सांडलं, फार तर पाव लिटर. हातात रबरी मोजे होते, बाह्यांवर आवरण होतं, पण ॲप्रन नव्हता. त्याने नळीने पाय धुतले, मग रुग्णवाहिका येईपर्यंत जवळच्या जलतरण तलावात उतरून राहिला. पाण्याची काही कमी नव्हती, पण फ्लोराइडला कॅल्शियम देऊन अडवणारं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल मात्र तिथे नव्हतं. एक पाय कापावा लागला आणि पंधराव्या दिवशी तो गेला. भाजलेला भाग शरीराच्या साधारण ९ टक्के होता.

म्हणून २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी नसेल तर डब्याचं झाकण उघडायचं नाही. कुलूपबंद कपाटातली ट्यूब नसल्यासारखीच. ती कामाच्या टेबलावर हवी आणि मुदत संपलेली नको. अंगावर पडलं की पाण्याखाली उभं राहूनच कपडे उतरवायचे. सदरा डोक्यावरून न काढता कापायचा. जेल जवळ असेल तर ५ मिनिटं धुऊन लगेच जेल चोळायला घ्यायचं, नसेल तर ते मिळेपर्यंत पाणी चालू ठेवायचं. चोळणाऱ्याच्या हातात मोजे हवेतच. बोटांना लागलं असेल तर नव्या हातमोज्यात जेल भरून हात आत घालायचा. दर १५ मिनिटांनी ताजं जेल लावत दवाखाना गाठायचा. दुखत नसलं तरी हे सगळं करायचं. भाग बधिर करणारं मलम लावायचं नाही, कारण उपचार लागू पडतोय की नाही हे दुखणं थांबण्यावरूनच ठरवतात. डोळ्यात हे जेल घालायचं नाही. डोळा फक्त पाण्याने धूत राहायचा आणि तातडीने डॉक्टर.

आता हातमोजे. आत पातळ नायट्राइल, त्यावर ब्युटाइल किंवा निओप्रीनचे कोपरापर्यंतचे जाड मोजे. तुमच्या टक्केवारीला ते किती वेळ टिकतात हे उत्पादकाच्या तक्त्यात बघा. घालण्याआधी मनगटाकडून गुंडाळून हवा दाबा. सुईएवढं भोक असलं तरी बोटाकडून हवा सुटते. पातळ मोज्यावर थेंब पडला तर तो मोजा त्याच क्षणी काढून हात धुवायचा. नुसता चष्मा नको, बंद गॉगल आणि त्यावर फेसशील्ड लावा. ॲसिडप्रूफ ॲप्रन गुडघ्याखाली जाणारा हवा, पँट बुटांच्या बाहेर. काम फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटातच, आणि दुसरा माणूस हाकेच्या अंतरावर.

साठा एचडीपीई (एक टणक प्लास्टिक) किंवा टेफ्लॉनच्या भांड्यात ठेवा. काच खाल्ली जाते, आणि बऱ्याच धातूंवर हायड्रोजन सुटून बंद डबा फुगतो. सांडलं तर वाळू टाकायची सवय सोडा: वाळू म्हणजे सिलिका, त्यातून सिलिकॉन टेट्राफ्लोराइड हा विषारी वायू निघतो. थोडं सांडलं असेल तर कडेकडून आत कॅल्शियम कार्बोनेट किंवा विझवलेला चुना टाका. सोड्याने आम्लपणा मरतो, पण विरघळणारं सोडियम फ्लोराइड मागे राहतं आणि तेही विषच. जास्त सांडलं तर बाहेर पडा आणि प्रशिक्षित लोकांना बोलवा.

एक मात्र सांगतो, जेल हा प्रथमोपचार आहे. इंजेक्शन, ईसीजी आणि रक्तातल्या कॅल्शियमवर लक्ष हे रुग्णालयातच होतं. शिवाय ‘आम्ही ॲसिड नाही, काच कोरायची क्रीम वापरतो’ म्हणणाऱ्यांनी लेबल वाचावं. त्यात अमोनियम बायफ्लोराइड असेल तर ओलाव्यात हेच ॲसिड तयार होतं, आणि वरचं सगळं तिलाही लागू. काम थोडंच असेल तर माझं स्पष्ट मत आहे, हे आणूच नका. बंद कॅबिनेटमध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या बारीक कणांच्या माऱ्याने काच चांगली कोरली जाते.