नॉइज रॉकची सुरुवात ‘गोट’पासून करावी का?

नॉइज रॉक, म्हणजे मुद्दाम कर्कश आणि गोंगाटी ठेवलेले रॉक संगीत, वाजवणाऱ्या द जीझस लिझर्ड या शिकागोच्या बँडचा ‘गोट’ हा १९९१ सालचा दुसरा स्टुडिओ अल्बम नवख्या श्रोत्याने आधी ऐकावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते अवश्य ऐकावा. स्टीव्ह अल्बिनी यांच्या ध्वनिमुद्रणात डेव्हिड याउ यांचा आवाज वाद्यांच्या वर न राहता त्यांच्यातच गाडला गेल्यामुळे शब्द निसटतात, मात्र डेव्हिड सिम्स यांचा बास आणि मॅक मॅकनीली यांचे ड्रम लख्ख ऐकू येतात. मिरजेच्या तंबोऱ्यावर पोसलेल्या आपल्या सांगलीकर कानांना हा प्रथम निव्वळ गोंगाट वाटेल (घरच्यांना तर नक्कीच), तरी त्यातल्या ‘नब’ या गाण्यातील ड्वेन डेनिसन यांची तारेवरून घसरत जाणारी स्लाइड गिटार हेडफोन लावून ऐकावी, कारण मोबाइलच्या स्पीकरवर बास जवळजवळ नाहीसाच होतो.